भिंतीकडचा कान

मागच्या श्रावणातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला मी शाळेवरून रानाकडं निघालो होतो. शाळेच्या ओट्यावर एक पोरगी एकटीच बसलेली दिसली. तांड्यावरची, दुसरीतली. दप्तर मांडीवर घेऊन बोटानं फरशीची भेग कोरत होती. आतून पोरांचा गलका येत होता.

"आत का नाहीस गं?"

"मॅडम म्हणल्या, घरी जा."

"का?"

"सर टरेनिंगला गेलेत. चारी वर्ग एकाच खोलीत बसवलेत. मला मागून फळा दिसत नाही."

"मग घरी का गेली नाहीस?"

"माय खुरपायला गेलीय. घराला कुलूप हाय."

या पोरीला डोळ्यांनी कमी दिसतं. पुस्तक नाकाला लावून वाचते. तिला घेऊन मी घरी आलो, बायकोनं तिला भाकरी वाढली, ती नातीसोबत दुपारभर खेळली. संध्याकाळी सर मोटारसायकलवरून परत येताना वेशीत भेटले. म्हणलं, "सर, कशाचं होतं आजचं ट्रेनिंग?"

सर म्हणाले, "समावेशित शिक्षणाचं. वेगळ्या गरजा असलेल्या मुलांना वर्गात सामावून कसं घ्यायचं, त्याचं."

मी त्यांच्या गाडीच्या हँडलवर हात ठेवला आणि सकाळची हकिकत सांगितली. सर काही बोलले नाहीत. बोलणार तरी काय? त्यांच्या हातात पत्र होतं, गैरहजर राहिलात तर खुलासा द्यावा लागेल असं लिहिलेलं. जिला सामावून घ्यायचं, तिचीच शाळा त्या दिवशी बंद झाली, आणि कागदावर त्या दिवशी आमच्या शाळेचा एक शिक्षक समावेशित शिक्षणात प्रशिक्षित झाला.

मी दहावी शिकलेला शेतकरी. शिक्षणाच्या कारभारात तोंड घालायचा मला काय अधिकार, असं कुणी विचारील. अधिकार एवढाच, की माझ्या घरातलं एक माणूस वर्गात असूनही वर्गाबाहेर राहिलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि त्यात माझाही हात होता.

माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. लहानपणी त्याचा डावा कान वाहायचा. माय लसणाच्या पाकळ्या घालून कढवलेलं तेल सोडायची, आजी वरून कापूस कोंबायची. तालुक्याला डॉक्टर होता, पण कानासाठी एवढं लांब कोण जातं? दोन वर्षांनी कान वाहायचा थांबला. घरातल्यांना वाटलं, बरा झाला. खरं तर कान मेला होता.

शाळा तेव्हा मारुतीच्या देवळात भरायची. गुरुजी एक, वर्ग चार. लहान पोरं भिंतीला धरून रांगेनं बसायची आणि गुरुजी पोरांच्या डाव्या हाताला, दारापाशी खुर्ची टाकून. भावाची जागा रांगेच्या टोकाला, कोपऱ्यात. म्हणजे त्याचा चांगला कान भिंतीला आणि मेलेला कान गुरुजींना. गुरुजी विचारायचे आणि हा हसायचा. सगळे आपल्याकडं बघतायत एवढंच त्याला दिसायचं, काय विचारलं ते कळायचं नाही, म्हणून हसायचा. गुरुजींना वाटायचं, पोरगं उर्मट आहे. मग छडी. "ठोंब्या" हे नाव त्याला गुरुजींनी ठेवलं, पण ते देवळातून गावात नेलं मी. विहिरीवर, खळ्यावर, गोट्या खेळताना मी त्याला त्याच नावानं हाक मारायचो. डाव्या बाजूनं हाक मारली की तो वळायचा नाही, आणि आम्ही पोरं खो-खो हसायचो. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

१९७२ साली तो तिसरीत होता. त्या वर्षी त्यानं पाटी ठेवली आणि मायसोबत दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. घरात अजूनही म्हणतात, त्याची शाळा दुष्काळानं सुटली. मी त्याच दुष्काळात मिलोची भाकरी खाऊन शाळेत जात होतो. दुष्काळ दोघांना सारखाच होता, कान सारखे नव्हते.

पुढं पस्तिशीत असताना गावात आरोग्य शिबिर आलं. डॉक्टरनं चिमट्यासारखं काहीतरी वाजवून त्याच्या दोन्ही कानांशी धरलं आणि म्हणाला, "डावा कान लहानपणीच गेलाय. उजवा शाबूत आहे." त्या संध्याकाळी मी देवळात जाऊन बसलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचं अंतर हातानं मोजलं. दहा हात भरलं. भाऊ दहा हात पलीकडं, समोरच्या भिंतीला बसला असता तर उजवा कान गुरुजींकडं आला असता. यंत्र नको, पैसा नको, सरकार नको. फक्त कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

आता कुणी म्हणेल, तो काळ वेगळा होता, आता कायदे झालेत. झालेत ना. कायद्याला नाव ठेवायला जागा नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला शाळेत जागा आहे. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा आला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. वाचता न येणारं, अक्षरं उलटी दिसणारं पोरही त्यात आलं. असली पोरं इतरांबरोबर एकाच वर्गात शिकावीत, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. कायद्यानं दार उघडलं. दारातून आत आलेलं पोर बसवायचं कुठं, हे मात्र कायदा सांगू शकत नाही. ते मास्तरानं सांगायचं असतं, आणि मास्तराला ते शिकवायची आपली रीत चुकलेली आहे. माझं भांडण त्या रीतीशी आहे.

ती रीत मी पाहिलीय. शाळा व्यवस्थापन समितीवर मला शिक्षणप्रेमी म्हणून घेतलंय. एकदा आम्हा समितीवाल्यांना तालुक्याला बोलावलं होतं. शेजारच्या सभागृहात शिक्षकांचं प्रशिक्षण चाललं होतं. आमचं चहापाणी लवकर उरकलं, म्हणून मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. पुढं पडदा, पडद्यावर अक्षरं. सांगणारा माणूस पडद्यावरचं वाचून दाखवत होता. एकवीस प्रकार, त्यांची इंग्रजी नावं, त्यांची लक्षणं. भोंगा घरघरत होता. खिडक्या उघड्या होत्या, त्या उजेडात पडदा धुरकट झालेला. मागच्या पाच-सहा रांगांना दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. कुणी मोबाईल चाळत होतं, कुणी पोषण आहाराच्या नोंदी लिहीत होतं. विषय समावेशाचा, आणि मागच्या सहा रांगा बाहेर!

मग गटकार्य झालं. चार्टपेपरवर रंगीत पेनानं फूल काढलं, पाकळ्यांवर प्रेम, समता, सहकार्य असे शब्द लिहिले, फोटो निघाला. शेवटी उत्तरचाचणी. सगळे पास. त्या अख्ख्या दिवसात कुणी असं विचारलं नाही, की गुरुजी, तुमच्या वर्गात नेमकं कोणतं पोर आहे, ते कुठं बसतं, कधी गप्प होतं, कधी हसतं?

त्या सभागृहात बसलेली माणसं आळशी होती का? अजिबात नाही. आमच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग. मतदार यादी त्यांच्याकडं, तांदळाचा हिशेब त्यांच्याकडं, मोबाईलवर भरायच्या माहित्या त्यांच्याकडं. आठवड्यातले किती तास फळ्यासमोर उभं राहता येतं, हे त्यांनाच विचारा. गावातली माणसं पारावर बसून मास्तरांना शिव्या घालतात, त्यात मला गोडी नाही. अवजार बोथट दिलं तर खुरपणाऱ्या बाईला दोष देऊन तण निघत नसतं.

आम्हा शेतकऱ्यांनाही अशीच प्रशिक्षणं दिली जायची. तालुक्याला मेळावा, मांडव, भाषण, एक टोपी, एक पिशवी, एक पुस्तिका. आम्ही जेवून यायचो आणि दुसऱ्या दिवशी दुकानदारानं सांगितलेलं औषध फवारायचो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमच्याकडची कपाशी खाल्ली. हिरवंगार दिसणारं बोंड फोडलं की आत अळी. त्यानंतर आमच्या गावात शेतीशाळा झाली. ही रीत मूळची इंडोनेशियातली, १९८९ साली भातावरच्या तुडतुड्यांसाठी सुरू झालेली, असं कृषी सहायकानं सांगितलं होतं. वर्ग भरायचा शेजाऱ्याच्या कपाशीत. आम्ही पंचवीसेक जण. दर पंधरवड्याला सकाळी यायचं, चार-पाच जणांच्या टोळीनं ओळीत शिरायचं, झाडं निवडून पान उलटं करून बघायचं, किडे मोजायचे, कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे आणि बांधावर बसून कागदावर मांडायचं. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, नाही तर पंप खाली ठेवायचा. सहायक आधी काहीच सांगायचा नाही. विचारायचा, "तुम्हाला काय दिसलं?"

तिथं मला एक गोष्ट कळली. ढालकिडा मावा खातो, तो आपला मित्र, हे पुस्तिकेत वाचलेलं होतं. पण त्याची अळी वेगळीच दिसते, काळी, काटेरी, भेसूर. ती मी चाळीस वर्षं कीड समजून मारत होतो. पुस्तिका घरात होती, अळी पानावर होती, आणि दोन्हींची गाठ कुणी घालून दिली नव्हती. ज्या दिवशी सहायकानं पान हातात धरायला लावलं आणि ती अळी मावा खाताना मी स्वतः बघितली, त्या दिवशी माझा हात थांबला. बांधावर बसल्या बसल्या मला देवळातले गुरुजी आठवले. तेही वाईट नव्हते. त्यांनी हसण्याला उर्मटपणा समजून छडी मारली, मी मित्राला कीड समजून फवारा मारला. दोघांनाही बघायला कुणी शिकवलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मास्तराला शिकवायचं तर त्याच्याच वर्गात, त्याच्याच पोरांसमोर, पुन्हा पुन्हा शिकवा. सभागृहात नाव कळतं, पोर कळत नाही.

हे नुसतं बोलणं नाही. ओट्यावरच्या त्या पोरीचं पुढं काय झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी मी आणि पोरीची आई शाळेत भांडायला गेलो. मॅडमनी ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. म्हणाल्या, "तुम्हीच बसा एक दिवस वर्गात. मग सांगा काय करू ते."

आम्ही बसलो. मागं, बस्करपट्टीवर, पोरीच्या शेजारी. माझे गुडघे कुरकुरत होते. अकरा वाजले आणि दारातून ऊन आलं. फळा एकदम पांढरा चकाकला. चष्मा लावूनसुद्धा मला त्यावरचं एक अक्षर दिसेना. जुना फळा, रंग उडालेला, गुळगुळीत झालेला. मी मॅडमना हाक मारली, म्हणलं, "इथं येऊन बसा जरा." त्या आल्या, पोरीच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसल्या आणि समोर बघत राहिल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाल्या, "चौदा वर्षं शिकवतेय. माझा फळा इथून कसा दिसतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं."

मग पोरीची आई बोलली. ती तोवर गप्प होती. शाळेत तिला कधी कुणी काही विचारलेलं नव्हतं. म्हणाली, "उजेडाकडं तोंड केलं की तिचे डोळे मिटतात. चुलीजवळ पाठमोरी बसली की तांदळातला खडा वेचती." जी गोष्ट एकवीस प्रकारांच्या यादीत सापडली नव्हती, ती तांदूळ निवडणाऱ्या आईजवळ होती.

समितीच्या पैशातून रंगाचा एक डबा आणला, फळा काळा केला, दुसऱ्या भिंतीला टांगला. पोरगी पहिल्या रांगेत, दाराकडं पाठ करून बसायला लागली. तिच्या वहीवर मॅडम जाड पेनानं मोठं लिहून देतात. फळ्यावर लिहिताना तोंडानं मोठ्यानं बोलतात. आणखी एक झालं. मागं बसणारी तीन पोरं, ज्यांचं लक्ष नसतं असं आम्ही सगळे म्हणायचो, ती वाचायला लागली. त्यांनाही फळा दिसत नव्हताच. फक्त ती बोलली नव्हती.

तिथून मॅडमना जणू नाद लागला. पहिलीत तांड्यावरचा एक पोरगा होता, दोन महिने तोंड उघडलेलं नव्हतं. मुका आहे की काय अशी चर्चा होती. मॅडमनी त्या पोरीच्या आईलाच बोलावून घेतलं, चित्रं दाखवून विचारलं, तुमच्यात याला काय म्हणतात, आणि देवनागरीत लिहून तक्ता केला. आई म्हणजे याडी. भाकरी म्हणजे बाटी. तो तक्ता भिंतीवर लागला त्या दिवशी पोरगं चित्रापाशी गेलं आणि मोठ्यानं म्हणालं, "बाटी!" पोरगं मुकं नव्हतं. त्याची भाषा वर्गाबाहेर चपलांजवळ काढून ठेवायला लावली होती आपण.

सगळंच सुटलं असं मी म्हणणार नाही. तिसरीत एक पोरगा आहे, एका जागी बसत नाही, मध्येच किंचाळतो, शेजारच्याला चावतो. त्याच्यासाठी मॅडमना अजून वाट सापडलेली नाही. तिथं नुसती नजर पुरत नाही, जाणकार लागतो. तालुक्याचे विशेष शिक्षक आमच्याकडं वर्षातून एकदा येतात, फॉर्म भरतात, जातात. त्यांनाही किती शाळा! पण मग सभागृहावर, मांडवावर, फोटोवर होणारा खर्च त्या माणसाला महिन्यातून एकदा आमच्या वर्गात आणून बसवायला का वापरत नाही?

आणि हा काही माझ्या डोक्यातून निघालेला नवा विचार नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात त्यांनी मास्तर कसा असावा हे सांगितलं होतं. गोरगरीब शेतकऱ्यांच्या पोरांत मिसळेल, त्यांची गरज ओळखेल, नांगराला हात लावायला लाजणार नाही, असा मास्तर तयार करा, असं त्यांचं मागणं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका वसतिगृहात ठेवलं, एका पंगतीत जेवायला बसवलं. पुढं १९३५ साली प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेजही काढलं. पोरं आणि मास्तर ही एकाच कामाची दोन टोकं आहेत हे त्यांना कळलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडला आदिवासी पाड्यांत गेल्या. लेकरं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. पोरं गुरांमागं जातात म्हणून कुरणात शाळा भरवली. पोर का येत नाही हे त्यांनी पोराच्या मागं चालत जाऊन बघितलं.

आता माझ्याशी वाद घालणाऱ्यांकडं वळतो. पहिले आहेत आमच्याच गावातले पालक. ते म्हणतात, "असल्या पोरांना स्पेशल शाळेत घाला. आमच्या पोरांचं नुकसान होतं." दादांनो, फळा काळा केल्यावर वाचायला लागलेली ती तीन पोरं तुमचीच होती. आणि स्पेशल शाळा आहे कुठं? शहरात, शंभर किलोमीटरवर. सात वर्षांचं लेकरू तिथं ठेवायचं? उद्या तुमच्या घरात असं पोर जन्मलं तर? आज रानात पडून तुमच्याच नातवाचा डोळा गेला तर? ज्या पोराला वर्गातून काढायला आज तुम्ही सही द्याल, त्याच कागदावर उद्या तुमच्या पोराचं नाव येऊ शकतं.

दुसरे आहेत हुशार लोक. ते म्हणतात, वर्गात बसून शिकवायला वेळ कुठं आहे? वेळ तर तुम्हीच ठरवलाय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत असं लिहिलंय. पन्नास तास! आमची शेतीशाळा अख्ख्या हंगामात तेवढी चालली नाही, आणि तरी तिनं माझी चाळीस वर्षांची खोड मोडली.

तिसरे म्हणतात, मास्तर एकदा शिकला की झालं, पुन्हा पुन्हा कशाला? कपाशी आषाढात वेगळी असते, भादव्यात वेगळी. पोरंही तशीच. दसरा झाला की तांड्यावरचे आईबाप ऊस तोडायला जातात, काही पोरं सोबत जातात, काही आजीजवळ राहतात. जी जातात ती पाडव्याच्या आसपास परत येतात, तोवर वर्ग पुढं गेलेला असतो. तेव्हाचा वर्ग आणि श्रावणातला वर्ग एक नसतो. वर्षातून एकदा दिलेल्या भाषणानं तो कसा सांभाळणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी मिळून महिन्यातून एकदा एकाच शाळेच्या वर्गात जमावं. बाकीच्यांनी मागं बस्करपट्टीवर बसावं, जिथं शेवटचं पोर बसतं तिथं. तासभर फक्त बघावं. कोण बोललं, कोण बोललं नाही, कुणाला दिसलं, कुणाला ऐकू आलं. मग बोलावं, आणि आधी त्या वर्गाच्या मास्तरानं बोलावं. पुढच्या महिन्यात पुन्हा तिथलीच पोरं बघावीत, बदल झाला का ते. पोराच्या आईला बोलवावं आणि तिला खुर्ची द्यावी. जाणकार माणूस तिथं आणावा. आणि हे करायला जाताना मागं राहिलेल्या पोरांची शाळा बंद पडू देऊ नये. पेरणीच्या दिवशी बैल मागून न्यायचे नसतात. किती शिक्षक प्रशिक्षित झाले हा आकडा वर पाठवणं बंद करा. किती पोरांची जागा बदलली, ते विचारा.

यंदाही पत्र आलंय. दोन दिवस, तालुक्याला, विषय तोच. समितीच्या बैठकीत आम्ही ठराव केला आणि कार्यालयाला पाठवला, की आमच्या शिक्षकांना तिकडं बोलावण्याऐवजी तुमचा शिकवणारा माणूस इकडं पाठवा, जेवण आमच्याकडं. अजून उत्तर आलेलं नाही.

भाऊ आता साठीच्या पुढं गेलाय. अख्ख्या गावातलं कोणतं जनावर कधी आजारी पडणार हे तो त्याच्या चालीवरून सांगतो. माझी नात त्याच्याशी बोलताना आपसूक उजव्या हाताला जाऊन बसते. तिला कुणी सांगितलेलं नाही. मला ते कळायला तिशी उलटावी लागली. परवा ओसरीवर बसून मी त्याला ठराव वाचून दाखवला. त्यानं नीट ऐकला. मग म्हणाला, "दादा, तो साहेब आलाच, तर त्याला बसवणार कुठं?"

म्हणलं, "मागं. भिंतीला."

तो हसला. या वेळी त्याला सगळं ऐकू आलं होतं.